कर्जाच्या अर्जाआधी आपला पतमाहिती अहवाल पाहा

शेतकरी बंधूंनो, माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये हे आपण जाणता. कर्जाचेही तसेच आहे. ट्रॅक्टर, ठिबक संच किंवा विहिरीसाठी अर्ज केला की बँक प्रथम आपला पतमाहिती अहवाल मागवते. पुष्कळांना तो अर्ज नामंजूर झाल्यावरच कळतो. कर्जमाफीत मिटलेले जुने खाते अहवालात थकीत दिसत असेल, तर हंगाम हातचा जातो. म्हणून हा अहवाल आपण आधीच पाहावा. तो मोफत मिळतो.

अहवाल कोठे मिळतो?

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने ग्राहकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावयाचा आहे. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडे मागणी केल्यास वर्षभर लक्ष ठेवता येते. कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व मोबाईल क्रमांक भरावा. मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक दिल्यावर अहवाल दिसतो. मोफत अहवालाचाच पर्याय निवडावा, वार्षिक वर्गणीचा नव्हे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने पतगुणांक कमी होत नाही.

अहवालात काय तपासावे?

१) नाव, पत्ता, पॅन क्रमांक बरोबर आहेत का? नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागलेले असू शकते.

२) प्रत्येक कर्जखाते आपलेच आहे का? ज्या कर्जाला आपण जामीन आहात, तेही येथे दिसते.

३) फेडलेल्या खात्यावर शिल्लक किंवा थकबाकी दिसते का? २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना किंवा २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना यांत मिटलेली खाती विशेष काळजीने पाहावीत.

४) आपण न केलेल्या कर्जाच्या अर्जाची चौकशी नोंदली आहे का?

पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. तो जितका जास्त, तितकी पत चांगली. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटविल्यास तशी नोंद राहते आणि पुढील कर्जाच्या वेळी ती आड येऊ शकते. तडजोड करण्यापूर्वी याचा विचार करावा.

चूक आढळल्यास

कर्ज फेडताच बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा व जपून ठेवावा. चूक दिसल्यास संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. त्यास शुल्क नाही. कंपनी आपणहून नोंद बदलत नाही, ती बँकेकडे खात्री करते. म्हणून बँकेच्या शाखेतही दाखल्याच्या प्रतीसह लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

सावधान

‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्यास पैसे लागत नाहीत. मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणासही सांगू नये.

दुरुस्तीला महिनाभर लागू शकतो. तेव्हा पैशांची गरज पडण्याच्या दोन-तीन महिने आधी अहवाल काढावा. घरात संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर शेजारी बसवून आजच पाहावा.