जुना लहान ट्रॅक्टर पारखताना

गोव्यातील पुष्कळ शेते इतकी लहान असतात की, मोठा ट्रॅक्टर तेथे वळविणेही कठीण. म्हणून घरची वडीलधारी मंडळी जुना लहान ट्रॅक्टर पाहावयास निघतात. समजा, एकीकडे १५ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा महिंद्र युवराज आहे आणि दुसरीकडे चारही चाकांना गती देणारा २४ अश्वशक्तीचा कुबोटा. माडांच्या बागेत पहिला पुरे. खाजनाच्या चिखलात मात्र मागची चाके जागीच फिरू लागतात. तेथे आम्ही दुसऱ्यास कौल देऊ.

तथापि नावाहून यंत्राची प्रकृती महत्त्वाची. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर आम्हांस शंका येते. निळा धूर म्हणजे वंगण जळत आहे. काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. गिअरपेटीतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजावे. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरात हे अवश्य पाहावे. तासांचा आकडा थोडा आणि पेडल मात्र झिजून गुळगुळीत, हे कसे जुळावे? (नव्या रंगाचे कौतुक तर नकोच.)

नोंदणी-पुस्तकात बँकेचा बोजा आहे का, हे घरातील शाळकरी मुलाने मोठ्याने वाचून दाखवावे. बोजा असल्यास, तो उतरल्याचा दाखला हाती येईपर्यंत इसार देऊ नये.