तळ्यातील पाणदिवड

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, अशा टापूत मीरा-भाईंदर शहर वसले आहे. उंच इमारतींच्या शेजारी येथे मिठागरे, खारफुटी व गोड्या पाण्याची तळी अद्याप आढळतात. अशा तळ्यांत पाणदिवड हा साप राहतो. बेडूक व मासे हे त्याचे भक्ष्य. शास्त्रज्ञांनी त्यास 'पिस्केटर' असे नाव दिले आहे. या लॅटिन शब्दाचा अर्थ मासे धरणारा, म्हणजे आपला कोळीच! उत्तनच्या कोळ्यांनाही हे नाव आवडावे.

हा साप बिनविषारी आहे. तथापि त्याचे रूपच त्याच्या जिवावर उठते. अंगावरील गडद चौकटी पाहून कोणी त्यास घोणस समजतो. डिवचल्यास तो पुढचा भाग उचलून मान चपटी करतो व त्वेषाने चावतो. तेवढ्याने नागाचा भास होतो आणि काठ्या बाहेर निघतात.

अशा सापाचे छायाचित्र काढणे हे धीराचे काम आहे. जाणता छायाचित्रकार काठापासून दूर, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसतो. दूरचे टिपणारे भिंग लावून तो कॅमेरा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर धरतो. पाण्याबाहेर केवळ डोके काढलेला साप मग निवांतपणे टिपता येतो. डोळ्यापासून ओठाकडे व जबड्याकडे गेलेल्या दोन काळ्या तिरप्या रेषा चित्रात स्पष्ट दिसतात. नागाच्या फणीवरील दहाचा आकडा येथे नाही, की घोणशीच्या पाठीवरील साखळीसारखे ठिपकेही नाहीत.

काही उतावळे लोक मात्र सापास पकडून किंवा काठीने डिवचून चित्र घेतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा त्यात भंग होतोच. शिवाय ओळखण्यात चूक होऊन हाती खरी घोणस आली, तर प्राणावर बेतते. आणि चित्र तरी कसले मिळते? भ्यालेल्या, मान फुगवलेल्या सापाचे! ते पाहणारा त्यास नागच म्हणणार. ज्या चित्राने भीती जावयाची, तेच ती वाढविते.

मोठा मासा मिळाला म्हणजे पाणदिवड तो कित्येकदा काठावर आणतो व डोक्याकडून सावकाश गिळतो. दूर बसलेल्या छायाचित्रकारास तेव्हा पुष्कळ अवधी मिळतो.