अ‍ॅडॉप्टरची खेप छोटी असो, पारख पक्की असावी

वैनगंगेवरील धरणामुळे गोसीखुर्द (ता. पवनी, जि. भंडारा) हे नाव दूरवर पोहोचले. 22 एप्रिल 1988 रोजी या धरणाची पायाभरणी झाली. परिसरातील दुकानदाराचा धंदा मात्र अजूनही लहान गिऱ्हाइकावर चालतो. कुणाच्या सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर जळतो, कुणाला राउटरसाठी, तर कुणाला कॅमेऱ्यासाठी हवा असतो. महिन्याला वीस-पंचवीस नग खपतात. एवढ्या मालासाठी कारखानदार दारात उभा करीत नाही, म्हणून नागपूरच्या बाजारातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोड, लोहार चाळीतून जे मिळेल ते उचलले जाते. खेप लहान असली तरी माल पारखून घेता येतो. ते कसे करावे, हे या लेखात पाहू.

धोका कशात आहे?

अ‍ॅडॉप्टरच्या एका बाजूला 230 व्होल्टचा घरगुती प्रवाह असतो, दुसऱ्या बाजूला 5, 9 किंवा 12 व्होल्ट. या दोन बाजूंमधील अंतर आणि इन्सुलेशन हीच गिऱ्हाइकाची सुरक्षितता. स्वस्त मालात नेमकी येथेच काटकसर होते. पट्टीवरील अंतर कमी ठेवतात, फ्यूज गाळतात, दोन्ही बाजूंना जोडणारा विशेष सुरक्षा-कपॅसिटर घालण्याऐवजी साधा बसवतात. असा नग चालतो, म्हणून विकलाही जातो. पण साधा कपॅसिटर फुटला की मुख्य प्रवाह थेट बाहेरच्या वायरीत येतो. हा ऐब वरून दिसत नाही, म्हणून पारख दुकानदारालाच करावी लागते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

1. नोंदणी क्रमांक. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश 2012 मध्ये निघाला व पुढे त्यात अ‍ॅडॉप्टरचाही समावेश झाला. नगावर मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आठ आकडे छापलेले असावेत. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकावा. कारखान्याचे नाव, ब्रँड व वस्तू जुळतात का, ते पाहावे. दुसऱ्याच वस्तूचा क्रमांक छापलेला माल बाजारात असतो, म्हणून केवळ छाप पाहून समाधान मानू नये.

2. लेबल. इनपुट '100 ते 240 व्होल्ट' असावे. खेड्यात दाब कमी-जास्त होतो, तेथे एवढी मोठी मर्यादा असलेला नग जास्त टिकतो. एका चौकोनात दुसरा चौकोन ही खूण दुहेरी इन्सुलेशनची आहे.

3. पक्के बिल. बिलावर ब्रँड, मॉडेल, नगांची संख्या आणि परतीची अट लिहून घ्यावी. बिल नसेल तर बिघाड झाल्यावर घाऊक व्यापारी माल ओळखत नाही.

4. एकच मॉडेल, एकच खेप. पाच ठिकाणचे पाच-पाच नग घेण्यापेक्षा दोन-तीन दुकानदारांनी मिळून एका मॉडेलचे पन्नास घ्यावेत. भाव सुटतो, तपासणीही एकदाच करावी लागते.

दुकानातली तपासणी

प्रत्येक दहा नगांमागे एक काढावा. 12 व्होल्ट 2 अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरला 6.8 ओहमचा 50 वॅटचा रेझिस्टर जोडावा. 12 भागिले 6.8 म्हणजे सुमारे 1.76 अँपिअरचा भार पडतो. 1 अँपिअरच्या नगासाठी असेच दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत. रेझिस्टर फार तापतो, तो जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवावा, लाकडावर वा कागदाजवळ ठेवू नये. तासभर भार चालवून मीटरने दाब मोजावा. तो 11.4 च्या खाली घसरला, वास आला किंवा डबी हाताला सोसवेना, तर ती खेप घेऊ नये. ओळखीच्या वायरमनकडे 500 व्होल्टचा मेगर असेल तर अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढून दोन्ही पिना एकत्र व बाहेरच्या दोन्ही वायरी एकत्र करून मोजून घ्यावे. काटा जवळजवळ अनंतावर राहिला पाहिजे.

गिऱ्हाइकाला देताना जुन्या नगाशी तीन गोष्टी मिळवाव्यात: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा अधिक, आणि पिनचे धन-ऋण टोक तेच. फवारणी पंपाचा चार्जर मात्र वेगळी वस्तू आहे. त्यातील 12 व्होल्टच्या बॅटरीला भरण्यासाठी सुमारे 14 व्होल्ट लागतात. तेथे साधा अ‍ॅडॉप्टर देऊ नये, आणि तो चार्जर राउटरला लावू नये.

हिशेब काय सांगतो?

समजा, हलका नग 90 रुपयांस घेऊन 150 ला विकला. पन्नास नगांवर नफा 3,000 रुपये. त्यांतील बारा परत आले व बदलून द्यावे लागले, तर 1,080 रुपये गेले, उरले 1,920. चांगला नग 140 ला घेऊन 190 ला विकला, तर नफा 2,500. एखादाच परत आला तरी 2,360 उरतात. पुन्हा नागपूरचे भाडे आणि गिऱ्हाइकाची नाराजी या हिशेबात धरलेलीच नाही. आणि नोंदणी नसलेला माल विकणे भारतीय मानक ब्युरो अधिनियम, 2016 खाली गुन्हा ठरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानदार बंधूंनी एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक नगावर विक्रीची तारीख व खेपेचा क्रमांक पक्क्या शाईने लिहावा आणि परत आलेल्या मालाची वही ठेवावी. सहा महिन्यांत कोणते मॉडेल टिकते ते वहीच सांगेल. पुढची खेप घेताना घाऊक व्यापाऱ्याशी भाव करायला ती वही पुरेशी आहे.