देवदारी लाकडाचे कातकाम : राळेचा बंदोबस्त

शेतीच्या हंगामानंतर जोडधंदा म्हणून कातकाम करणाऱ्या कारागिरांना पाइनचे लाकूड पुष्कळदा स्वस्त पडते. परदेशी मालाबरोबर आलेली खोकी फोडून त्यांच्या फळ्या व ठोकळे वखारींत विकले जातात. बाजारात यास सरसकट ‘देवदारी’ म्हणतात. वास्तविक देवदार हा हिमालयातील निराळा वृक्ष होय. हे लाकूड हलके असून कातण्यास सोपे आहे. परंतु त्यात राळ असते. आज गुळगुळीत दिसणारी खुंटी उन्हाळ्यात चिकट होते, गाठीवरील रंग सुटतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून रंगापूर्वी राळेचा बंदोबस्त करणे अत्यावश्यक आहे.

१. राळ का पाझरते?

ओल्या राळेत टर्पेंटाइन मिसळलेले असते. त्यामुळे ती पातळ राहते व उष्णतेने बाहेर येते. लाकूड वाळवण्याच्या भट्टीत गाभ्यापर्यंत सुमारे ७० अंश सेल्सिअस उष्णता एक दिवस वा अधिक काळ राखल्यास टर्पेंटाइन उडून जाते आणि राळ घट्ट बसते. खोक्यावरील ‘एचटी’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की कीड मारण्यासाठी गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापविला आहे. तेवढ्याने राळ बसत नाही. घरी उघड्या विस्तवावर लाकूड शेकू नये. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते.

२. लाकडाची निवड

‘एमबी’ शिक्का असलेल्या लाकडास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते खेळण्यांसाठी व स्वयंपाकघरातील वस्तूंसाठी घेऊ नये. शक्य तर भट्टीत वाळविलेले, कमी गाठींचे व सरळ रेषांचे लाकूड घ्यावे. राळेचे कप्पे असलेले तुकडे बाजूस काढावेत. खुंट्या, मुठी, कठड्याचे दांडे यांस हे लाकूड योग्य आहे. लाटणे व भोवरा यांस घट्ट लाकूडच बरे.

३. कातणे

या लाकडात मऊ व कठीण वर्षरेषा एकाआड एक असतात. बोथट हत्याराने खरडल्यास अथवा काचकागद दाबून घासल्यास मऊ भाग खोल जातो व पृष्ठभागावर वळ्या उमटतात. म्हणून पटाशीस वरचेवर धार लावावी आणि लाकूड खरडण्याऐवजी कापावे. धारेवर जमलेली राळ यंत्र थांबवून टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावी. काचकागद १२०, १८० व २२० नंबर या क्रमाने, मंद गतीने व हलक्या हाताने वापरावा. घर्षणाने लाकूड तापल्यास राळ वितळून कागद भरून जातो.

४. पॉलिश व रंग

प्रथम गाठी व चिकट जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसून वाळू द्याव्यात. नंतर १ लिटर स्पिरिटात १२५ ग्रॅम चपडा लाख विरघळवून पातळ हात द्यावा. गाठींवर दुसरा, दाट हात द्यावा. वाळल्यावर हलके घासून मगच रंग अथवा वार्निश लावावे. लाखेच्या थराखाली राळ बरीचशी अडून राहते. मात्र ओल्या राळेस तो थर कायमचा पुरा पडत नाही. कांडीने लाख चढविण्याच्या रीतीस हे लाकूड फारसे उपयोगी नाही, कारण घर्षणाच्या उष्णतेने राळ वर येते. चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडावर होतात. त्यात राळेचा हा त्रास नाही.

५. दक्षता

लहान मुलांच्या वस्तूंस शिसेविरहित रंगच वापरावा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१७ पासून लागू आहे. स्पिरिट ज्वालाग्राही व विषारी असल्याने ते दिव्यापासून व मुलांपासून दूर ठेवावे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटतात. ती पसरून वाळवावीत अथवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

ग्रामसेवकांनी कारागिरांस एक प्रयोग करून दाखवावा. एकाच लाकडाच्या दोन खुंट्या घ्याव्यात. एकीस थेट रंग द्यावा व दुसरीस वरीलप्रमाणे लाखेचा हात देऊन मग रंगवावे. दोन्ही आठ दिवस उन्हात ठेवल्यास फरक कारागिराच्या नजरेस येईल.