शिरक्याची परीक्षा

शिरका आंबट आहे हें आपली जीभ तत्काळ सांगते; परंतु त्यांत आम्ल किती, हें सांगणें तिच्या आवांक्याबाहेरचें आहे. इ. स. १७२९ मध्यें क्लोद जोफ्रवा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें शिरक्यांत पोटॅशियम कार्बोनेटाची पूड थोडीथोडी टाकली व फसफसणें थांबेपर्यंत किती पूड लागली यावरून शिरक्याचा जोर ठरविला. ज्ञाताच्या साह्यानें अज्ञाताचें माप काढावयाचें, हीच ती युक्ति. तिला आपण अनुमापन म्हणतों.

आम्ल व अल्क एकत्र आलीं म्हणजे एकमेकांचे गुण नाहींसे होऊन लवण व पाणी तयार होतें. शिरक्यांतील ॲसेटिक आम्लाचा एक रेणु कॉस्टिक सोड्याच्या एका रेणूशीं संयोग पावतो. म्हणजे ४० ग्रॅम सोड्यास ६० ग्रॅम आम्ल पुरतें.

प्रथम १० घ. सें. मी. शिरका पिपेटनें घ्यावा व शुद्ध पाणी घालून तो १०० घ. सें. मी. करावा. पिपेट तोंडानें न ओढतां रबरी फुग्यानें भरावी. या पातळ द्रावाचे २५ घ. सें. मी. चंबूंत घेऊन त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावे. मेथिल ऑरेंज येथें उपयोगी नाहीं. कारण ॲसेटिक आम्ल दुर्बल असल्यामुळें तें पुरतें संपण्यापूर्वींच त्या दर्शकाचा रंग पालटतो.

ब्युरेटींत लिटरास ४ ग्रॅम या प्रमाणाचा सोड्याचा द्राव भरावा. सोडा हवेंतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. यास्तव केवळ तराजूवर न विसंबतां ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाणित द्रावाशीं तो आधीं ताडून पाहावा. नंतर चंबू हालवीत सोडा सोडावा व शेवटीं थेंबथेंब टाकावा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली, कीं तेथेंच थांबावें.

समजा, १७.५ घ. सें. मी. सोडा लागला. सोड्याची शक्ति ०.१ आहे, म्हणून पातळ द्रावाची शक्ति १७.५ × ०.१ ÷ २५ = ०.०७ झाली. मूळ शिरका दसपट तीव्र, म्हणजे ०.७. यास ६० नीं गुणिलें असतां लिटरास ४२ ग्रॅम, अर्थात् शेंकडा ४.२ आम्ल निघालें.

हे आंकडे मीं सहज घेतलेले नाहींत. एकदां वर्गांत दिलेल्या बाटलीच्या चिठ्ठीवर 'शेंकडा ५' असें छापलें होतें. बहुतेकांच्या वह्यांत २०.८ हा आंकडा आला. एक मुलगा मात्र खालीं मान घालून म्हणाला, "सर, माझें कांहीं चुकलें असावें. तीन वेळां केलें, तरी १७.५ च येतात."

त्याचें चुकलें नव्हतें. आदल्या सायंकाळीं मींच त्या शिरक्याच्या दर ८४ भागांत पाणी घालून १०० भाग केले होते. इतरांनीं चिठ्ठीवरून उलट गणित करून आंकडा लिहिला होता. त्यांना मीं शिक्षा केली नाहीं. प्रयोग पुन्हां करावयास लावला, आणि त्या दिवशीं सर्वांच्या ब्युरेटी १७.५ च्या आसपास थांबल्या.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचें उत्तर पुस्तकाशीं जुळलें कीं नाहीं, एवढेंच त्यास विचारूं नका, "तूं स्वतः काय पाहिलेंस?" हेंही विचारा. उद्यां याच मुलांपैकीं कोणी औषधें तपासील, कोणी गांवाचें पिण्याचें पाणी तपासील. त्या वेळीं चिठ्ठी पाहून आंकडा लिहिणारा मनुष्य अनेकांच्या जिवास अपाय करील. विद्यार्थ्यांनो, आंकडा अपेक्षेप्रमाणें न आल्यास प्रयोग पुन्हां करा. परंतु जें डोळ्यांनीं पाहिलें, तेंच वहींत लिहा.