स्वभावाची घडण

एकाच घरात, एकाच आईबापांच्या छायेखाली वाढणारी दोन भावंडे पाहा. दारात पाहुणे आले की एक धावत पुढे जाते, त्यांच्या हातातील पिशवी घेते आणि शाळेतल्या गोष्टी सांगू लागते. दुसरे आईच्या पदराआड उभे राहून पाहुण्यांकडे हळूच पाहत राहते. दोघांचे अन्न एक, शाळा एक. मग हा भेद कोठून आला? वडीलधारी माणसे हसून म्हणतात, "ज्याचा त्याचा स्वभाव!" आणि पुष्कळदा एक जुनी म्हणही ऐकवतात, "स्वभावाला औषध नाही." मुलांनो, ही म्हण कितपत खरी आहे, याचा आज आपण विचार करू.

प्रत्येकाची विचार करण्याची, रागालोभाची आणि इतरांशी वागण्याची एक ठरावीक रीत असते. तिलाच आपण स्वभाव म्हणतो. त्याचा काही अंश माणूस जन्मतःच घेऊन येतो. पाळण्यातले एक मूल नवा चेहरा पाहून हसते, तर दुसरे बिचकून रडते. परंतु स्वभावाचा दुसरा अंश पुढे घडत जातो. घर, शाळा, सोबती, सुखदुःखे या सर्वांचा त्याला हात लागतो; आणि सर्वांत अधिक हात लागतो तो आपण पुनःपुन्हा करीत असलेल्या कृत्यांचा. गवताळ माळावरून एकदा चालून गेल्याने वाट पडत नाही. रोज त्याच बाजूने गेले म्हणजे मात्र पायवाट उमटते. सवयीचेही तसेच आहे.

हे कसे घडते, ते एका दीर्घायुषी पुरुषाच्या चरित्रावरून चांगले समजेल. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली कोकणात झाला. बालपण मुरूड या गावी गेले. लोक त्यांना आदराने अण्णा म्हणत. स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, हे तुम्हांस ठाऊक असेलच. परंतु हा थोर पुरुष लहानपणी अतिशय लाजाळू होता! चार माणसांत बोलण्याचा त्यांना मोठा संकोच वाटे. त्यांच्या गुरुजींनी त्यांना एक काम सांगितले : गावच्या मंदिरात बसून लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचे. भिडस्त मुलाला हे काम सोपे नव्हते. तरीही तो वाचीत गेला. संकोच पुरता गेला नाही. पण संकोच वाटत असताही हातचे काम करता येते, हा धडा त्याने बालवयातच घेतला.

१८७५ साली अण्णा एका परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास निघाले. दिवस पावसाचे, वाट सह्याद्रीच्या घाटांतून. शंभराहून अधिक मैलांचा हा प्रवास त्यांनी सोबत्यांसह पायी केला. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षांचे असावे, असा नियम होता. अण्णांचे वय तेवढे झालेही होते. पण त्यांची लहानखुरी अंगकाठी पाहून परीक्षकांना ते पटेना. त्यांनी अण्णांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढे श्रम व्यर्थ गेले! अशा प्रसंगी एखादा संतापेल, एखादा पुस्तके कायमची मिटून ठेवील. प्रसंग एकच, पण त्यातून पुढे काय निघावे, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून असते. अण्णा निराश झाले, परंतु त्यांनी शिक्षण सोडले नाही. तेविसाव्या वर्षी, १८८१ साली, ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८८४ साली मुंबईस पदवीधर झाले. उशीर झाला म्हणून ते खचले नाहीत.

मुंबईत शिकवण्या करून ते पोट भरीत. त्या तुटपुंज्या मिळकतीतूनही रुपयामागे एक पैसा ते लोकोपयोगी कामासाठी बाजूला काढून ठेवीत. एका पैशाने जगाचे दारिद्र्य थोडेच हटणार! पण त्या पैशाने देणाऱ्याचा हात घडविला. पुढे त्याच हाताने त्यांनी आपली शिल्लक आणि आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली.

तारुण्यात माणसाला काही निवडी कराव्या लागतात, आणि तेथे स्वभावाची खरी कसोटी लागते. त्या काळी विधवा स्त्रियांचे हाल फार होत. लहान वयात पती गेला तरी त्यांना पुन्हा विवाह करण्यास समाजाची संमती नसे. अण्णांची पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला. पुढे त्या आनंदीबाई या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. या विवाहामुळे मुरूडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईभावांबरोबर एका घरात राहण्याची त्यांना बंदी झाली. मनाला किती यातना झाल्या असतील! तरीही त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही आणि आपला मार्गही सोडला नाही. १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. काही वर्षांनी आश्रम गावाबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजात गणित शिकविण्याचे काम आटोपले की अण्णा चिखल तुडवीत पायी तेथे जात. आज तो भाग कर्वेनगर या नावाने ओळखला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आनंदीबाईंचा स्वभाव अण्णांहून निराळा होता. त्या स्पष्टवक्त्या व धीट होत्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या. अण्णा मितभाषी, आनंदीबाई बोलक्या; पण दोघांच्या हातून एकच कार्य घडले. म्हणून लाजाळूपणा हा दोष आणि बोलकेपणा हा गुण, असे समजणे बरोबर नव्हे. चिकाटी चांगल्या कामी लागली तर तिला निश्चय म्हणतात. भलत्याच कामी लागली तर तीच हट्ट ठरते.

वय झाले म्हणजे स्वभावाची वाढ खुंटते, असे पुष्कळांना वाटते. अण्णांचे उत्तरायुष्य त्याला उत्तर देते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, ते परदेशाच्या प्रवासास निघाले आणि सभांतून आपल्या विद्यापीठाची माहिती सांगू लागले. मंदिरात वर्तमानपत्र वाचताना अडखळणारा तो मुलगा आता युरोप-अमेरिकेत भाषणे देत होता! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे कार्य हाती घेतले. १९४४ साली, माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाहीसा व्हावा म्हणून, समता संघ काढला. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. १९५८ साली भारत सरकारने त्यांना 'भारतरत्न' हा किताब दिला. १९६२ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मानसशास्त्रज्ञांनी अनेक माणसांच्या वागण्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला आहे. त्यांना असे दिसून आले की, जन्मजात कल बहुधा थोडाफार टिकून राहतो. अबोल मूल मोठेपणीही पुष्कळदा अबोलच राहते. परंतु तारुण्यापासून प्रौढपणापर्यंत बहुतेक माणसे अधिक जबाबदार व अधिक स्थिरचित्त होत जातात. संसार, नोकरी, इतरांची काळजी वाहणे या गोष्टी त्यांना घडवीत असतात. सर्वांमध्ये सारखाच बदल होत नाही, आणि तो एका दिवसात तर कधीच होत नाही.

तर मग त्या म्हणीचे काय? स्वभाव मुळापासून पालटून टाकणारे औषध नाही, एवढ्यापुरती ती खरी आहे. मात्र "माझा स्वभावच असा आहे" असे म्हणून आळस, संताप किंवा भीती यांना कुरवाळीत बसण्यासाठी तिचा आधार घेणे योग्य नव्हे. वर्गात उत्तर ठाऊक असूनही तुमचा हात वर होत नसेल, तर उद्या एकदाच तो वर करा. राग लवकर येत असेल, तर एक शब्द गिळून पाहा. उद्या वाट दिसणार नाही. पण पहिले पाऊल पडलेले असेल. पायवाटेला तेवढाच आरंभ लागतो.

शब्दार्थ

भिडस्त – संकोची. अंगकाठी – शरीराची ठेवण. मितभाषी – मोजके बोलणारा. बहिष्कार – समाजाने वाळीत टाकणे. कल – ओढा, प्रवृत्ती.

स्वाध्याय

१. स्वभावाचे दोन अंश कोणते? प्रत्येकी एक उदाहरण द्या.
२. साताऱ्याच्या प्रसंगावरून अण्णांच्या स्वभावाचा कोणता विशेष दिसतो?
३. 'त्या पैशाने देणाऱ्याचा हात घडविला', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. अण्णा व आनंदीबाई यांच्या स्वभावांतील भेद आपल्या शब्दांत लिहा.
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : लाजाळू, बोलका, स्थिर, आरंभ.
६. आपल्या घरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस विचारा : "लहानपणापासून आपल्या स्वभावात काय टिकले आणि काय बदलले?" त्यांनी सांगितलेली हकीकत दहा ओळींत लिहा.