अभियोक्ता हा पोलिसांचा वकील नव्हे

चि. भाचीस,

सहायक संचालक म्हणून जिल्ह्याचा कार्यभार घेतल्याचे ताईकडून कळले. फार आनंद झाला. ताई म्हणाली, "नुसतं अभिनंदन नको, चार गोष्टी लिहून पाठव." म्हणून हे पत्र. तालुक्याच्या कोर्टात स्वतःचा बोर्ड सांभाळणे तुला नवे नाही. आता जिल्ह्यातले सगळे सहायक सरकारी अभियोक्ते ज्याच्याकडे पाहतात, त्या खुर्चीबद्दल लिहितो.

महाराष्ट्रात या खुर्चीमागे मोठा इतिहास आहे आणि नव्याने आलेल्या अभियोक्त्यांना तो सहसा कोणी सांगत नाही. १८९८च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात दंडाधिकाऱ्यांपुढचे खटले पोलीस खात्यातलीच माणसे चालवत. त्यांना पोलीस प्रॉसिक्युटर म्हणत. तपास करणारा आणि खटला चालवणारा एकाच खात्यातले, एकाच साहेबाला उत्तर देणारे. ही सोय बरी नाही, अभियोगाचे काम पोलिसांपासून वेगळे करा, असे विधी आयोगाने १९५८च्या चौदाव्या अहवालात सांगितले. इंग्लंडमध्येसुद्धा बहुतेक खटले पोलिसांच्याच हाती होते. तिथे स्वतंत्र अभियोग सेवा सुरू झाली ती १९८६ साली. आपल्याकडे १ एप्रिल १९७४ रोजी नवी संहिता लागू झाली आणि तिच्या कलम २५ने पोलीस अधिकाऱ्याला या नेमणुकीतून बाहेर ठेवले.

मग राज्याने काय केले? होते तेच पोलीस प्रॉसिक्युटर सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमले. पाटी बदलली, बदली, रजा आणि शिस्तीची कारवाई यांचा लगाम मात्र पोलीस खात्याच्याच हाती राहिला. हे दोन दशके चालले. अखेर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात एप्रिल १९९५मध्ये न्यायालयाने बजावले की अभियोक्त्यांचे वेगळे खाते करा, त्याचा प्रमुख थेट शासनाला जबाबदार ठेवा आणि पोलिसांचे नियंत्रण काढून घ्या. पुढे २००५च्या दुरुस्तीने संहितेत अभियोग संचालनालयाचे कलम आले. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०मध्ये जिल्हा पातळीवरच्या संचालनालयाचीही तरतूद आहे, आणि सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या खटल्यांवर देखरेख ठेवणे हे सहायक संचालकाचे काम म्हणून लिहिले आहे. म्हणजे हे पद भांडून मिळालेले आहे, तेही याच राज्यात. प्रत्येक नव्या सहायक सरकारी अभियोक्त्याने रुजू होताच शहाणे खटल्याचा निकाल वाचावा, असे मनापासून वाटते.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की स्वातंत्र्य कागदावर आले तरी रोजच्या कामात ते पुन्हा हातचे जाऊ शकते, आणि ते जाते फोनवरून. रिमांडच्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यातून फोन येतो. सात दिवसांची कोठडी मिळालीच पाहिजे. जामिनाला कडक से, म्हणजे लेखी म्हणणे, द्या. ज्याचा फोन येतो तो अनुभवाने आणि वयाने मोठा असतो, घेणारी मुलगी नुकती लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेली असते. तिच्यासमोरच्या केस डायरीत कोठडी मागण्याजोगे एकही कारण नसेल तर तिने काय करायचे? हितेंद्र विष्णू ठाकूर या महाराष्ट्राच्याच खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की सरकारी अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नाही. तेव्हाच्या टाडा कायद्याखाली मुदतवाढ मागताना पोलिसांचे म्हणणे जसेच्या तसे पुढे ढकलून त्याला चालत नसे; स्वतः कागद वाचून, स्वतःचे मत बनवून अहवाल द्यावा लागे. पण निकालपत्रातली ही वाक्ये त्या मुलीला सकाळी साडेदहा वाजता उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतो तो तिचा प्रमुख. ज्या जिल्ह्यात असे फोन प्रमुखाकडे वळवायची पद्धत पडते, तिथल्या अभियोक्त्यांचा आवाज कोर्टात वेगळा लागतो.

याचा अर्थ पोलिसांशी वैर धरावे असा नाही. समन्स बजावून आणणारा, मुद्देमाल वेळेवर हजर ठेवणारा पैरवी कर्मचारी नसेल तर कुठलाच बोर्ड हलत नाही. चांगला प्रमुख त्याला नावाने ओळखतो. तपासातल्या त्रुटी मात्र त्याच्यावर ओरडून सुटत नाहीत. त्या लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांसमोर, बैठकीत, गुन्हा क्रमांकासह मांडाव्या लागतात. हद्दही माहीत हवी. आर. सरला या २०००च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की तपासी अधिकाऱ्याने अभियोक्त्याचे मत घेऊन त्याबरहुकूम अंतिम अहवाल द्यावा, असा आदेश न्यायालयही देऊ शकत नाही. तपास हे तपासी अधिकाऱ्याचे क्षेत्र. २०२१मध्ये फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबाबत आदर्श नियम मंजूर करताना त्याच न्यायालयाने तपासादरम्यान सल्ला द्यायला अभियोक्त्यांहून वेगळे वकील नेमा, असे राज्यांना सांगितले. रेषा दोन्ही बाजूंनी पाळायची आहे.

आता टक्केवारी. दरमहा वर पाठवायच्या तक्त्यात दोषसिद्धीचे प्रमाण विचारले जाते आणि ते विचारले जाणारच. त्याच आकड्यावर माणसांची प्रतवारी लावण्याचा मोह मात्र घातक आहे. दंडाधिकारी न्यायालयात जुगार आणि दारूबंदीच्या खटल्यांत आरोपी येतो, गुन्हा कबूल करतो, दंड भरून जातो. अशा कबुल्यांवर एखाद्याचा तक्ता गुटगुटीत दिसतो. शेजारच्या कोर्टात दुसरी अभियोक्ता विवाहितेच्या छळाचा खटला चालवते, त्यात माहेरचे लोकच तडजोड करून फिरतात आणि तिचा तक्ता रोडावतो. मेहनत कोणाची जास्त? आकड्यांच्या मागे लागलेल्या चमूत अवघड फाइल नकोशी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे आरोपीच्या बाजूचा कागद दडवावासा वाटू लागतो. शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या १९९९च्या निकालात न्यायालयाने सांगितले आहे की काहीही करून आरोपीला शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी अभियोक्त्याला असू नये. ज्या कागदांवर तपास यंत्रणेने भिस्त ठेवलेली नाही त्यांची यादीही आरोपीला द्यावी, हे २०२१च्या त्याच नियमांत आले आहे. ती यादी दिली का, हा प्रश्न प्रमुखाने टक्केवारीच्या आधी विचारावा.

टक्केवारीऐवजी काय पाहायचे? निर्दोष सुटलेल्या खटल्यांची निकालपत्रे. या एका कामाला महिन्यातून पूर्ण दुपार द्यावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही मोडू नये.

किशनभाई खटला या जागी आठवतोच. अहमदाबादेत २००३ साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले आणि जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती सुटका कायम करावी लागली. डीएनए चाचणीसारखी साधी गोष्ट झालेली नव्हती. तपासातल्या आणि खटला चालवण्यातल्या त्रुटी न्यायालयाने एकेक करून लिहिल्या. मग सगळ्या राज्यांना निर्देश दिले की पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठांची स्थायी समिती नेमा, प्रत्येक निर्दोष मुक्ततेची कारणे नोंदवा, दोष कोणाचा ते ठरवा आणि त्या अनुभवावरून प्रशिक्षण द्या. यातला दोष ठरवण्याचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, प्रशिक्षणाचा विसरतो. बैठकीत निकालपत्र वाचायला घेतले की ज्याने खटला चालवला तो मान खाली घालून बसणार असेल, तर पुढच्या महिन्यात कोणी खरे बोलणार नाही. म्हणून सुरुवात कारणांपासून व्हावी, नावापासून नव्हे. पंच फितूर झाला, तर तो कुठून आणला होता? तोच पंच आणखी किती गुन्ह्यांत आहे? मुद्देमालाच्या सीलबद्दल साक्षीदाराला सरतपासात विचारलेच गेले नाही का? सीसीटीव्हीचे चित्रण होते, पण प्रमाणपत्र नव्हते? जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात, जुलै २०२०मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पक्के केले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही नोंदवावी लागते. चमूतल्या जुन्या मंडळींना हे अवघड जाते, नव्यांना सहज जमते. दोघांना शेजारी बसवावे. हुकूम काढण्याची गरज नाही.

साक्षीदारांविषयी मात्र जरा जास्त लिहितो, कारण खटला तिथेच बुडतो. बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात महत्त्वाचे साक्षीदार उलटले आणि जून २००३मध्ये सगळे आरोपी सुटले. एप्रिल २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात घ्यायचा आदेश दिला आणि आधीच्या अभियोक्त्याच्या वागण्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. मुंबईत खटला पुन्हा चालला. २००६मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. साक्षीदाराला आधार मिळाला की काय फरक पडतो, याचे याहून मोठे उदाहरण नाही.

तालुक्याच्या कोर्टात धोका इतका मोठा नसतो. तिथे साक्षीदार कंटाळून तुटतो. रोजगार बुडवून आलेला माणूस व्हरांड्यात दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळी त्याला पुढची तारीख मिळते. साक्षीदार हजर असताना खास कारण नोंदवल्याशिवाय त्याला न तपासता तहकुबी देऊ नये, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६ सांगते. पण ते कोर्टाच्या लक्षात आणून द्यायला अभियोक्त्याने उभे राहावे लागते. साक्षीआधी पंधरा मिनिटे त्याच्याशी बोलणे, त्याचा जबाब त्याला वाचून दाखवणे, समोरचा वकील आवाज चढवेल हे सांगून ठेवणे यात पढवणे काही नाही. ज्याच्या बोर्डावर एका दिवशी सहा-सात साक्षी लागतात त्याला ही पंधरा मिनिटे मिळत नाहीत. ती मिळवून देणे, म्हणजे कामाची वाटणी बदलणे आणि न्यायाधीशांना भेटून बोर्ड विभागून मागणे, हे प्रमुखाचे खरे व्यवस्थापन. भीती खरी असेल तर महेंद्र चावला खटल्यात डिसेंबर २०१८मध्ये मान्य झालेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सदस्य पोलीसप्रमुख, आणि सदस्य सचिव जिल्ह्याच्या अभियोगाचा प्रमुख. अर्ज त्याच्याकडेच येतो. आलेला अर्ज टेबलावर एक दिवसही पडून राहू नये.

खटला मागे घेण्याचे अर्ज वरून येतील, आंदोलनांचे विशेष करून. त्याच संहितेच्या कलम ३६० खाली सही अभियोक्त्याची असते, म्हणून विचारही त्याचाच असला पाहिजे, आणि आता पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालयाला परवानगी देता येत नाही. ज्याला अर्ज पटलेला नाही त्याच्याकडून सही घेऊ नये. त्याचे कारण ऐकून घ्यावे आणि ते तसेच वर कळवावे.

शहाणे आणि किशनभाई या दोन्ही निकालांच्या प्रती ताईबरोबर पाठवत आहे. पहिली बैठक शनिवारी मात्र ठेवू नकोस. तालुक्याला एकटे राहणाऱ्या अभियोक्त्यांना घरी जायला तोच दिवस मिळतो.

तुझा
मामा